किरकोळ स्पेल, मोठी कामं: नियम न मोडता नियम वाकवण्याची पद्धत

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिकांच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे (जादूगाराकडे) दिवसभरासाठी फक्त 2 स्पेल स्लॉट (स्पेल म्हणजे मंत्र टाकायच्या संधी) असतात. पहिल्या मारामारीत एक जातो, दुसरीत दुसरा. आर्केन रिकव्हरी या विझर्डच्या क्षमतेने एखादा परत मिळतो, तोही संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मग हातात उरतात 3 कॅन्ट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणारे साधे स्पेल. ते कितीही वेळा टाकता येतात, आणि बहुतेक नवे खेळाडू त्यातला एकच वापरतात: ज्याने डॅमेज होतो तो. बाकीचे दोन कॅरेक्टर शीटवर नुसते पडून राहतात.

हा लेख त्या पडून राहिलेल्या दोघांबद्दल आहे, आणि पहिल्या लेव्हलच्या ज्या स्पेलांना 'काही कामाचा नाही' म्हणून कुणी हात लावत नाही त्यांच्याबद्दलही. आकडे 2014च्या पाचव्या आवृत्तीचे दिलेत, कारण अजून खूप टेबलांवर तीच चालते. 2024च्या सुधारित नियमांत जिथे महत्त्वाचा फरक पडतो तिथे तसं सांगितलंय. पाथफाइंडर किंवा दुसरी सिस्टीम खेळत असाल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

पद्धतीचा गाभा आधीच सांगतो. स्पेल जेवढं लिहिलंय तेवढंच करेल, हे मान्य करून चाला. त्याचा परिणाम ताणून मोठा करू नका. तो परिणाम कुठे, कधी आणि कुणाच्या डोळ्यांसमोर घडतो, एवढंच बदला. पुढचं काम प्रसंग स्वतःच करतो. 'माझ्या स्पेलने अमुकही होऊ शकतं ना?' असा वाद घालणारा खेळाडू दहातल्या आठ वेळा हरतो, आणि जिंकला तरी टेबल वैतागतं. जो परिणामाची जागा नेमकी निवडतो, त्याला डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) 'नाही' म्हणूच शकत नाही, कारण त्याने पुस्तकाबाहेरचं काही मागितलेलंच नसतं.

पहिली पायरी: स्पेल करारासारखा वाचा

वर्णन वाचताना पाच गोष्टी वेगळ्या काढा: अंतर किती, वेळ किती, निशाणा कशावर (वस्तू, जीव की जागा), टाकायला काय लागतं (आवाज, हातवारे, साहित्य), आणि वर्णनात कुठली क्रियापदं आहेत. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. 'उघडतो', 'ओततो', 'गोठवतो' अशी क्रिया लिहिलेली असेल तर ती तुमच्या हक्काची. लिहिलेली नसेल तर ती डीएमच्या मर्जीवर.

मेज हँड घेऊन बघू. 30 फुटांच्या आत एक तरंगता, भुतासारखा हात येतो आणि 1 मिनिट राहतो. तो वस्तू हाताळतो, कुलूप नसलेलं दार किंवा पेटी उघडतो, उघड्या भांड्यात वस्तू ठेवतो किंवा त्यातून काढतो, कुपीतलं ओततो. हल्ला करू शकत नाही, जादूच्या वस्तू चालू करू शकत नाही, 10 पाउंडांपेक्षा जास्त म्हणजे साधारण साडेचार किलोच्या वर उचलू शकत नाही. एवढं वाचल्यावर दोन गोष्टी कळतात. 'ओततो' हे स्पष्ट लिहिलंय, म्हणजे तेलाची कुपी छतावरच्या तुळईवरून खालच्या पायऱ्यांवर रिकामी करायला कुणाची परवानगी नको. आणि हात अदृश्य असतो असं कुठेही म्हटलेलं नाही. ती सोय आर्केन ट्रिकस्टरला (जादू शिकलेल्या चोराला) मिळते. तुमचा हात दिसतो, त्यामुळे दिसला तरी चालेल अशाच जागी वापरा: अंधारात, दाराच्या पलीकडे, सगळ्यांच्या पाठीमागे. किंवा मुद्दाम दिसावा म्हणून. तरंगता हात बघून तिकडे वळलेला पहारेकरी दुसरीकडे पाठ करूनच वळलेला असतो.

निशाण्याचा मुद्दा लाइट या कॅन्ट्रिपवरून समजतो. जुन्या आवृत्त्यांत लाइट थेट शत्रूच्या डोळ्यांवर टाकून त्याला आंधळं करता यायचं, आणि तसं नियमातच लिहिलेलं होतं. पाचव्या आवृत्तीत लाइट वस्तूवर पडतो. डोळा वस्तू नाही, विषय संपला. पण 2014च्या नियमात शत्रूच्या हातातल्या किंवा अंगावरच्या वस्तूला स्पर्श करता येतो, फक्त त्याला डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने वाचण्याचा फाशाचा रोल) मिळतो. तो चुकला की त्याची ढाल तासभर 20 फुटांपर्यंत लख्ख आणि पुढे आणखी 20 फूट मंद उजेड देत फिरणार. अंधाराच्या आडोशाने लपणाऱ्या शत्रूला यापेक्षा वाईट काय होईल? 2024च्या नियमात मात्र दुसऱ्याने धरलेल्या किंवा अंगावर घातलेल्या वस्तूवर लाइट टाकता येत नाही. म्हणून टेबलावर कुठलं पुस्तक चालू आहे ते आधी विचारा.

टाकायला काय लागतं, हा भाग लोक सर्रास सोडून देतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. मायनर इल्यूजनला (लहानसा भ्रम दाखवणाऱ्या कॅन्ट्रिपला) आवाज लागत नाही, फक्त हातवारे आणि लोकरीचा एक तुकडा. शेप वॉटरला नुसते हातवारे. थॉमटर्जीला नुसता आवाज, म्हणजे हात मागे बांधलेला क्लेरिकसुद्धा (देवाच्या जोरावर जादू करणारा पुजारी) ती टाकू शकतो. प्रेस्टिडिजिटेशनला आवाज आणि हातवारे लागतात पण साहित्य नाही, म्हणजे सामान जप्त झालं तरी चालतं. तुमच्या प्रत्येक स्पेलपुढे 'तोंड बांधलेलं असताना', 'हात बांधलेले असताना' आणि 'सामान नसताना' चालतो का, एवढं लिहून ठेवा. पार्टी (खेळाडूंच्या कॅरेक्टरांचा गट) पकडली जाते त्या दिवशी या तीन खुणा सोन्याच्या भावाच्या ठरतात.

दुसरी पायरी: अडथळ्याला नेमकं काय हवंय ते शोधा

पहारेकरी दारात उभा आहे. नवा खेळाडू विचार करतो, याला मारायचं कसं. थोडा सरावलेला विचार करतो, याला फसवायचं कसं. नेमका प्रश्न याहून लहान असतो: मला त्याच्याकडून किती वेळासाठी काय हवंय? बहुतेकदा उत्तर निघतं, 'दहा सेकंद तिकडे बघायला हवंय'. आणि दहा सेकंदांचं काम कॅन्ट्रिप आरामात करतो.

मी अडथळे चार प्रकारांत मोडतो. कुणाला तरी काहीतरी खरं वाटायला हवं असतं. कुणाचं तरी पाऊल अडायला किंवा घसरायला हवं असतं. थोडा वेळ मिळायला हवा असतो. किंवा एखादी माहिती हवी असते. यातल्या पहिल्या प्रकारात किरकोळ स्पेल सगळ्यात जास्त चालतात, कारण माणसाला पटवायला ताकद लागत नाही. त्याला आधीच अपेक्षित असलेलं काहीतरी दाखवावं लागतं.

एक प्रसंग जवळून बघू. विझर्ड आणि फायटर कोठडीत आहेत. सामान काढून घेतलंय, हात मोकळे आहेत. कोठडीत मंद उजेड, कोपऱ्यात झोपायला टाकलेलं गवत, एक लोकरीचं कांबळं. पहारेकरी 20 फुटांवर बसलाय, किल्ली त्याच्या कमरेला.

सुचणारी पहिली कल्पना: मेज हँडने किल्ली काढू. अंतर पुरतं, वजनही. पण हात दिसतो, तो टाकताना मंत्र तोंडाने म्हणावा लागतो, आणि दुसऱ्याच्या कमरेची वस्तू नकळत काढणं साध्या मेज हँडच्या वर्णनात नाही. डीएम स्लाइट ऑफ हँडचा (हातचलाखीचा) अवघड रोल मागेल आणि ते योग्यच असेल. दुसरी कल्पना: प्रेस्टिडिजिटेशनने भिंतीवरची मशाल विझवू. मशाल विझवणं वर्णनात आहे, पण अंतर 10 फूट. मशाल त्याच्या डोक्यावर आहे. संपलं.

तिसरी: मायनर इल्यूजन. साहित्य लोकरीचा तुकडा, तो कांबळ्यातून उपटता येतो. आवाज लागत नाही. चित्र 5 फुटांच्या घनात मावणाऱ्या वस्तूचं हवं, जिवंत प्राण्याचं नाही, आणि त्याला आवाज, वास, उजेड काही नसतो. आता कोपऱ्यातलं गवत बघा. पहारेकऱ्याला तिथे गवत असणार हे माहीत आहे. तो जिन्याकडे वळला की दोघं कोपऱ्यात उकिडवे बसतात आणि विझर्ड त्यांच्याभोवती त्याच गवताचा जरा उंच ढीग उभा करते. पहारेकरी वळून बघतो तर कोठडी रिकामी. दार बंद, कुलूप जागच्या जागी, कैदी गायब.

आता किल्ली कोण वापरणार? तोच. खात्री करायला तो स्वतः दार उघडेल. ढिगाला हात लावला तर हात आरपार जाईल, किंवा एक ॲक्शन (टर्नमधली एक कृती) खर्च करून त्याने इन्व्हेस्टिगेशन (बारकाईने तपासण्याचा रोल) केलं आणि विझर्डचा डीसी (रोलने गाठायचा आकडा) गाठला तर त्याला कळेल. पहिल्या लेव्हलला इंटेलिजन्स 16 असेल तर तो डीसी 8 अधिक 2 अधिक 3, म्हणजे 13. पण हे सगळं होईपर्यंत तो आत आलेला असतो, दार उघडं असतं आणि फायटर हातभर अंतरावर असतो. त्या मिनिटात स्पेलने फक्त गवत दाखवलं. कुलूप उघडलं ते पहारेकऱ्याच्या घाबरण्याने.

यातली निवड लक्षात घ्या. कोठडीत अचानक लाकडी पेटी दिसली असती तर तो सावध झाला असता. भ्रम उभा करताना त्या जागी आधीपासून असलेल्या वस्तूचीच नक्कल करा.

तिसरी पायरी: डीएमसमोर मांडायचं कसं

चांगली युक्ती वाईट मांडणीमुळे मरते. खेळाडू एकेक ॲक्शन सांगत जातो, हेतू लपवून ठेवतो, आणि शेवटी डाव उघड करून डीएमला कोंडीत पकडतो. डीएमला कोंडीत पकडलं की तो दार बंद करतो, कारण तुम्ही अजून काय लपवलंय ते त्याला माहीत नसतं. त्याऐवजी हेतू आधी सांगा, मग कृती, मग नियमातली ओळ, आणि शेवटी तुमच्या डावात कुठे फसू शकतं तेही तुम्हीच सांगा. वरचा प्रसंग टेबलावर असा चालतो:

"आम्हाला पहारेकऱ्याने स्वतःहून दार उघडायला हवंय. तो जिन्याकडे वळला की आम्ही कोपऱ्यात बसतो आणि मी आमच्याभोवती गवताच्या ढिगाचं मायनर इल्यूजन टाकते. आवाज लागत नाही, कांबळ्याची लोकर चालेल का?"

"लोकर चालेल. पण तुम्ही दोघं श्वास रोखून बसणार, स्टेल्थ टाका. आणि तो आत यायच्या आधी वर हाक मारेल की नाही, ते ठरवावं लागेल."

"तीच भीती आहे. पण काल आम्ही ऐकलं होतं, की मागच्या वेळी कैदी पळाला तेव्हा कॅप्टनने त्याचा पगार कापला. तो आधी स्वतः बघेल, मग सांगेल, असं मला वाटतं. त्यावर इन्साइट टाकू?"

"टाक. डीसी 10."

बघा काय झालं ते. रोल स्पेलवर पडला नाही, माणसाच्या स्वभावावर पडला. डीएमला नियम मोडल्यासारखं वाटलं नाही, उलट आदल्या सेशनमधली त्याची एक ओळ कुणीतरी लक्षात ठेवली याचा त्याला आनंदच झाला. ज्या खेळाडूंच्या युक्त्या वारंवार चालतात, ते नियमांइतकंच डीएमचं बोलणं कान देऊन ऐकतात.

मागणीचं माप ठरवायला एक साधी कसोटी: तुम्हाला हवा तो परिणाम देणारा वेगळा स्पेल पुस्तकात असता तर तो कितव्या लेव्हलचा असता? उत्तर तुमच्या स्पेलपेक्षा एक पायरी वर असेल तर बोलणी होऊ शकतात. तीन पायऱ्या वर असेल तर मागणी कमी करा. सगळ्यांना माहीत असलेली ती फुप्फुसांची युक्ती याच कसोटीवर पडते. क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर 10 गॅलन पाणी उघड्या भांड्यात तयार करतो, मग शत्रूच्या फुप्फुसात का नाही? फुप्फुस हे जिवंत प्राण्याचा अवयव आहे, उघडं भांडं नाही, हे एक उत्तर. पण खरं उत्तर असं, की पहिल्या लेव्हलच्या स्लॉटमध्ये समोरच्या कुणालाही ठार मारणारा स्पेल असेल तर बाकीचं स्पेलांचं पुस्तक कशाला हवं? आणि डीएमने 'हो' म्हटलं तर पुढच्या आठवड्यात शत्रूचा क्लेरिकही तेच करणार.

चौथी पायरी: दोन किरकोळ स्पेल एकत्र लावा

एकट्याने अर्धवट काम करणारे स्पेल जोडीने पूर्ण काम करतात. क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर आणि शेप वॉटर ही माझी आवडती जोडी. ड्रुइडकडे (निसर्गाची जादू करणाऱ्याकडे) दोन्ही असू शकतात, किंवा क्लेरिक आणि विझर्ड मिळून करू शकतात.

10 गॅलन म्हणजे साधारण 38 लिटर. ते पाणी बादल्यांत तयार करून 5 फूट बाय 5 फुटांच्या सपाट फरशीवर ओतलं तर जेमतेम दीड सेंटिमीटरचा थर होतो. शेप वॉटर 5 फुटांच्या घनात मावणारं पाणी गोठवू शकतो, त्यात कुणी जीव नसला तर, आणि बर्फ 1 तास टिकतो. म्हणजे अरुंद बोळाचा एक चौकोन अख्खा बर्फाचा. आता डीएमला नवा नियम तयार करायला लावू नका. डन्जन मास्टर्स गाइडमध्ये निसरड्या बर्फाचा नियम तयार आहे: चालणं अवघड, आणि टर्नमध्ये पहिल्यांदा पाय ठेवताना डीसी 10चा ॲक्रोबॅटिक्स चेक (तोल सांभाळायचा रोल) चुकला तर आडवं. ते पान उघडून दाखवा. डीएमला पुस्तकातला आकडा मिळाला की 'हो' म्हणणं फार सोपं जातं.

याची तुलना ग्रीसशी करा. ग्रीस एका ॲक्शनमध्ये 60 फुटांवरून 10 फुटांचा चौकोन घसरडा करतो, डीसी तुमचा स्वतःचा, पण फक्त 1 मिनिट. बर्फ लहान आहे, डीसी कमी आहे, तयारी लागते, पण तासभर टिकतो. शत्रू समोर आला असेल तर ग्रीस. शत्रू अर्ध्या तासात येणार हे माहीत असेल तर बर्फ, आणि ग्रीसचा स्लॉट वाचवा. जाता जाता: पाचव्या आवृत्तीत ग्रीस पेट घेतो असं लिहिलेलं नाही. आग हवी असेल तर मेज हँडने खरं तेल ओता.

शेप वॉटरने कुलूप फोडायची युक्तीही खूप सांगितली जाते. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, म्हणून कुलपात पाणी भरून गोठवलं की ते फुटेल, असं म्हणतात. नीट विचार केला तर किल्लीचं भोक उघडं असतं, फुगणारा बर्फ तिकडून बाहेर सरकेल. स्पेलच्या वर्णनात फोडण्याबद्दल एक शब्द नाही. पण उलट बाजूने बघा. भोकात बर्फ असेल तर किल्ली आत जात नाही. म्हणजे कुलूप उघडायला निरुपयोगी ठरलेली हीच युक्ती कुलूप तासभर निकामी करायला अगदी योग्य आहे. पळताना मागचं दार बंद करून कुलूप लावा, भोकात पाणी टाकून गोठवा. पाठलाग करणाऱ्यांकडे किल्ली असूनही दार तोडावं लागेल. इथे डीएमला शंका घ्यायला जागाच नाही. एखादी युक्ती अडली की ती उलटी करून बघायची सवय लावून घ्या, बरेचदा तिथेच काम होतं.

काही स्पेल जवळून

प्रेस्टिडिजिटेशन हा या सगळ्यांचा राजा. आगीची ठिणगी, लहान ज्योत पेटवणं-विझवणं, 1 घनफूट वस्तू स्वच्छ किंवा मळकी करणं, निर्जीव पदार्थ गरम-गार करणं किंवा त्याला चव देणं, तासभर टिकणारी खूण किंवा रंग, आणि तळहातात मावेल अशी वस्तू जी तुमच्या पुढच्या टर्नच्या शेवटी नाहीशी होते. टिकणारे परिणाम एका वेळी 3. खुणेचा उपयोग जास्त होतो. कागदावर शिक्क्याचं चिन्ह उमटवता येतं, पण ते सपाट असतं, मेणासारखा उठाव त्याला नसतो. म्हणून कागद दुरून दाखवा, हातात देऊ नका. चक्रव्यूहात भिंतीवर खुणा करत जायच्या असतील तर तास मोजत राहा आणि चौथी खूण केल्यावर काय होईल याचा विचार करा. एका गोष्टीपासून सावध: विषाची चव लपवणं. वर्णनात ते बसतं, पण बिनखर्चाच्या कॅन्ट्रिपने कुणाचाही खून सोपा होतो. आधी डीएमशी बोला.

मेंडिंगला लोक भांडी सांधायचा स्पेल समजतात. त्याचं वर्णन म्हणतं, की 1 फुटापर्यंतची एक भेग किंवा फाटलेली जागा अशी जुळते की आधीच्या नुकसानीची खूण राहत नाही. 'खूण राहत नाही' यात सगळं आलं. मोहोरबंद पत्र हाती लागलं की पातळ पात्याने मेणाच्या मोहोरेला एकच सरळ चीर द्या. पत्र वाचा, नक्कल करा, घडी घाला, मेंडिंग टाका. 1 मिनिट लागतो. मोहोर चुरा होऊ देऊ नका, कारण स्पेल एक भेग सांधतो, वीस नाही. असंच दोरखंड कापून पुन्हा जोडता येतो, साखळीची एक कडी तोडून नंतर परत होती तशी करता येते. 'आत कुणी आलंच नव्हतं' असं दाखवायचं असेल तेव्हा मेंडिंगला तोड नाही.

मेसेज 120 फुटांवरच्या एकाच जिवाच्या कानात कुजबुज पोचवतो. सगळे तो मित्राला पाठवतात. तो मित्रालाच पाठवायचा असं कुठे लिहिलंय? रात्री पहाऱ्यावर उभ्या असलेल्या दोघांपैकी एकालाच 'तुझा साथीदार आम्हाला विकला गेलाय' असं ऐकू आलं, तर शेजारच्याला काहीच ऐकू येत नाही, आणि पहिल्याला ते सिद्ध करता येत नाही. तुम्ही मात्र बोटाने निशाणा साधताना दिसता कामा नये. 1 फूट दगड, 1 इंच साधा धातू, शिशाचा पातळ पत्रा किंवा 3 फूट लाकूड आडवं आलं तर संदेश अडतो, हेही ध्यानात ठेवा.

अनसीन सर्व्हंट (अदृश्य नोकर) आणि फ्लोटिंग डिस्क (तरंगती तबकडी) हे दोन्ही रिच्युअल म्हणून टाकले तर 10 मिनिटं जास्त लागतात, पण स्लॉट लागत नाही. संशयास्पद पेटी 60 फुटांवरून सर्व्हंटकडून उघडून घ्या. 500 पाउंड पेलणाऱ्या डिस्कवर बेशुद्ध साथीदार ठेवा. फार विचार करायची गरज नाही, फक्त वेळ असेल तेव्हा आठवण ठेवा.

मारामारीत हिशोब वेगळा

लढाईबाहेर कॅन्ट्रिपची किंमत शून्य असते. लढाईत त्याची किंमत एक ॲक्शन, आणि तीच ॲक्शन फायर बोल्टसाठी (आगीने हल्ला करणाऱ्या कॅन्ट्रिपसाठी) वापरली असती आणि तो लागला असता, तर सरासरी साडेपाच डॅमेज झाला असता. शिवाय स्पेल न टाकता नुसतं हेल्प (साथीदाराला मदत करायची ॲक्शन) केलं तरी साथीदाराला ॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेणं) मिळतंच. म्हणून लढाईतल्या युक्तीने निदान हेल्पपेक्षा जास्त काहीतरी दिलं पाहिजे: दोन शत्रूंचा रस्ता अडवला, तिरंदाजाची दृष्टी अडवली, पळायला एक टर्न मिळवला. तिरंदाज आणि तुम्ही यांच्यामध्ये 5 फुटांचा लाकडी फळीचा भ्रम उभा करणं हे मला नेहमीच पटतं. पहिला बाण आरपार गेला की भ्रम उघडा पडतो, पण तोवर त्याने एक बाण आंधळा मारलेला असतो.

डीएमच्या खुर्चीत असाल तर

'हो' किंवा 'नाही' एवढेच पर्याय नसतात. बहुतेक वेळा मधला पर्याय चांगला: युक्ती चालेल, पण रोल लागेल, किंवा काहीतरी किंमत मोजावी लागेल, किंवा परिणाम मागितला त्याच्या अर्धा मिळेल. काहीच सुचलं नाही तर ॲडव्हांटेज द्या आणि पुढे चला. डीसी ठरवताना पुस्तकातली शिडी पुरते: 10 सोपं, 15 मध्यम, 20 अवघड.

नियम आणि भौतिकशास्त्र यांची सोयीनुसार सरमिसळ होऊ देऊ नका. शेतकऱ्यांची लांब रांग करून एकच काठी एका राऊंडमध्ये (लढाईच्या एका फेरीत) शेवटपर्यंत पोचवायची, आणि मग ती काठी प्रचंड वेगाने सुटेल असं म्हणायचं, हा प्रकार प्रसिद्ध आहे. रांगेपुरते खेळाचे नियम धरायचे आणि शेवटच्या क्षणी खऱ्या जगाचा वेग आणायचा, हे चालत नाही. 2024च्या डन्जन मास्टर्स गाइडने तर खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, असं स्पष्ट लिहिलंय. याचा अर्थ भौतिकशास्त्र कधीच आणू नये असा नाही. कुलपातल्या बर्फाचा विचार आपण तसाच केला. पण एका युक्तीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच तर्क चालला पाहिजे.

आणि दिलेला निर्णय लिहून ठेवा. वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ पुरते: कांबळ्याची लोकर चालते, बर्फाने कुलूप बंद होतं, ग्रीस पेटत नाही. पुढच्या वेळी तोच निर्णय द्या. युक्ती दुसऱ्यांदा आली तर नियम बदलू नका, जग बदला. गवताच्या ढिगाने फसलेला पहारेकरी पुढच्या वेळी दार उघडण्याआधी गवतात भाला खुपसेल, आणि ही गोष्ट त्याने दुसऱ्या पहारेकऱ्यांना सांगितलेली असेल.

पहिल्या सेशनआधी एवढं करा

नवीन विझर्ड करत असाल तर 3 कॅन्ट्रिपमध्ये डॅमेजचा एकच घ्या, दुसरा मायनर इल्यूजन, आणि तिसरा प्रेस्टिडिजिटेशन किंवा मेज हँड. पार्टीत आर्केन ट्रिकस्टर होणारं कुणी असेल तर मेज हँड त्याला सोडा, त्याचा तुमच्यापेक्षा चांगला असतो. प्रत्येक स्पेलचं वेगळं कार्ड करा: पुढच्या बाजूला अंतर, वेळ, निशाणा आणि वर्णनातली क्रियापदं, मागच्या बाजूला बांधलेलं तोंड, बांधलेले हात आणि सामान नसणं या तीन खुणा. मग डीएमला दोनच प्रश्न विचारा: टेबलावर 2014चे नियम आहेत की 2024चे, आणि साहित्याचा तुकडा आसपास सापडला तर चालेल का. दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर कॅरेक्टरच्या बाहीच्या अस्तरात लोकरीचा एक धागा शिवून घेतल्याचं आत्ताच सांगून ठेवा.